एकतीस नंबरचं गवत

एकतीस नंबरच्या घरापुढचं गवत मेलं होतं. आजूबाजूला हिरवं आणि मधोमध खाटेएवढा पिवळा चट्टा. राज्य सरकारकडून गॅसच्या तपासणीला आलेल्या याझीबाई तिथं थांबल्या.

"हे कधीपासून असं?"

"ते होय?" नॉरिस टॅकेट हसला. चौसष्ट फिरत्या घरांच्या या पार्कचा तो मॅनेजर. घरं नावालाच फिरती, चाळीस वर्षांत एकही जागचं हललं नव्हतं. "म्हातारी पाणी घालत नाही हो. दोन नोटिसा दिल्या. आता महिनाअखेर जागा सोडायची आहे तिला. नियम म्हणजे नियम."

 याझीबाईंनी लोखंडी सळईनं त्या चट्ट्यात भोक पाडलं आणि हातातल्या यंत्राची नळी आत सोडली. यंत्र आधी टिकटिकलं, मग एकसारखं ओरडायला लागलं.

"आत कोण आहे?"

"आर्लीन टब्स. एकटीच असते."

"बाहेर काढा त्यांना. दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांनाही. घंटी वाजवू नका, दार ठोका. आतल्या कुठल्याही बटणाला कुणी हात लावायचा नाही, चालू ते चालू राहू दे. मग पार्कच्या गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. पळा."

नॉरिस पळाला. तीस नंबरमधलं जोडपं कुत्र्याला घेऊन बाहेर आलं. बत्तीसमधला म्हातारा बनियनवरच आला आणि जाता जाता म्हणाला, "काय रे नॉरिस, आज पायी? तुझी ती गाडी मेली वाटतं!"

एकतीसचं दार उघडायला वेळ लागला.

"आर्लीनबाई, बाहेर या. आत्ताच्या आत्ता."

आर्लीनचा चेहरा उतरला. "आज? अरे, पण महिनाअखेर म्हणाला होतास ना तू?"

तिला समजावत बसायला सवड नव्हती. "रस्त्यापलीकडे थांबा," एवढंच सांगून तो व्हॉल्व्हकडे धावला.

परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती. रस्त्यापलीकडे याझीबाई त्याच्याच ऑफिसातून सकाळी घेतलेली गॅसची फाइल उघडून उभ्या होत्या.

"दर महिन्याला पाइपावरून चालत जाऊन बघता ना?"

"बघतो ना, मॅडम."

"जुलै महिना, एकतीस नंबर. 'जमिनीवरचं गवत मेलं आहे का?' तुम्ही लिहिलंय, नाही."

महिन्याच्या पहिल्या सोमवारी नॉरिस गोल्फच्या छोट्या गाडीतून पार्कभर फेरी मारायचा. मांडीवर दोन पॅड असायचे. अंगणांच्या नोटिसांचा पॅड तो घराघरापुढे थांबून, मान वाकडी करून बघून भरायचा. गॅसचा पॅड निघण्यापूर्वीच, कॉफी पिता पिता भरून झालेला असायचा. चौसष्ट घरं, चौसष्ट वेळा 'नाही'. गेल्या अकरा वर्षांत तो कागद कुणी वाचलेला त्याला आठवत नव्हता.

आर्लीन जवळ आली. पायात सपाता, एका हातात घडी घातलेली नोटीस आणि दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेली झारी. घाईघाईत घराबाहेर पडताना तिनं एवढंच उचललं होतं. याझीबाईंचा गणवेश बघून तिला वाटलं, या नॉरिसच्या वरच्या असाव्यात.

"बाईसाहेब, मी पाणी घालते हो. रोज दोनदा घालते. बी पण टाकून बघितलं. माझ्या हातालाच गुण नाही. शेजारी त्याच पाण्यावर टोमॅटो लावतात."

"आजी, तुमच्या हाताचा काही दोष नाही. खाली पाइप गंजून फुटलाय. गवत गॅसनं मेलंय." याझीबाईंनी आवाज खाली आणला. "तुम्हाला वास नाही आला?"

आर्लीननं चोरट्या नजरेनं नॉरिसकडे पाहिलं.

"येतो की. मार्चपासून येतो. कधी असतो, कधी नसतो. पण मला वाटलं, माझाच असेल. म्हणजे घराचा. एकटं म्हातारं माणूस राहिलं की घराला वास लागतो म्हणतात ना. सारखी पुसत होते. मग गुरुवारी पत्ते खेळायला बायका यायच्या, त्यांना नको म्हणाले. उगाच कुणी नाकाला रुमाल..." ती थांबली, हातानंच नाक झाकून दाखवलं आणि कसनुसं हसली.

याझीबाईंनी तिच्या हातातली नोटीस मागून घेतली, उघडली आणि फाइलमधल्या कागदाशेजारी धरली. नोटिशीत लिहिलं होतं: 'अंगणातील गवत पूर्णपणे मेले आहे.' दोन्ही कागदांवर सहा जुलै. दोन्हीकडे तेच तिरकं अक्षर, तीच सही. बत्तीसमधला म्हाताराही मान पुढे करून वाचत होता. त्याला आता चेष्टा सुचली नाही.

नॉरिसनं काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं. "मी..." माफी मागावी असं त्याच्या मनात आलं, पण कुठल्या गोष्टीपासून सुरुवात करावी ते कळेना. तो आर्लीनच्या सपातांकडे बघत राहिला. त्यांना ओली माती लागली होती.

आर्लीनलाच त्याची दया आली असावी. तिनं रस्त्यापलीकडच्या पिवळ्या चट्ट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मग नॉरिस," तिनं विचारलं, "आता पाणी घालू की नको?"

त्यानं हात पुढे करून तिच्या हातातली झारी घेतली. झारी काठोकाठ भरलेली होती. तिच्या वजनानं त्याचा हात एकदम खाली गेला आणि थोडं पाणी त्याच्या बुटांवर सांडलं. सगळे बघत होते. झारी खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही.