मिरजेचं घर

बिल्डरने पाडलेलं मिरजेचं घर शाल्मलीने कॉम्प्युटर गेममध्ये पुन्हा उभं केलं होतं. ना बंदूक, ना पॉइंट. नुसतं घरभर हिंडायचं. प्रदर्शनाला आलेले लोक धडाधड आत शिरत होते.

मग आईने कंट्रोलर हातात घेतला. पडद्यावरची बाई पायऱ्या चढली आणि उंबऱ्याशी थांबली.

“आई, आत जा ना.”

“चपला काढायचं बटण कुठलं?”

तसं बटण शाल्मलीने केलंच नव्हतं.

“मग राहू दे. बाहेरूनच बघते,” म्हणत आईने कंट्रोलर खाली ठेवला.

शाल्मली चिडली, पण लॅपटॉप उघडून तिथेच कामाला बसली. तासाभराने बटण तयार झालं.

आईने ते दाबलं. पडद्यावरच्या बाईने दारात चपला काढल्या. मग आईने खाली वाकून स्वतःच्या पायातल्याही काढल्या आणि ती घरात गेली.