गुलाबी फ्लास्क

डॉक्टरांनी हात टेकल्यावर बाबांनी एकच हट्ट धरला, “मले तुयी लॅब दाखव.” कोळसाखाणीत फुफ्फुसं विसरून आलेल्या बाबांना खुशबूनं ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट चंद्रपूरच्या कॉलेजात नेलं. पीएचडीच्या शेवटच्या प्रयोगाचा गुलाबी फ्लास्क दाखवत ती म्हणाली, “यात पॉलिमरच्या साखळ्या वाढून राह्यल्या, सगळ्या सारख्या लांबीच्या.” “राशनच्या रांगेपेक्षा शिस्त आहे!” बाबा धापा टाकत हसले. “अन् हवा?” “काढून टाकली सगळी.” बाबांनी फ्लास्कच्या काचेवर हात ठेवला. ऑक्सिजन शिरला की साखळ्या मरतात, हे न सांगताच ती चहा आणायला गेली. परतली तेव्हा फ्लास्कचं बूच टेबलावर होतं आणि बाबांनी स्वतःच्या नाकातली नळी फ्लास्कात सोडली होती. “जीव गुदमरत होता बिचाऱ्यायचा. आता वाढतीन ना?” “वाढतीन, बाबा.” तिनं नळी ओढून त्यांच्या नाकाशी नेली. निळ्या ओठांनी बाबा म्हणाले, “राहू दे. मायं वाढून झालं.”