भुवया

"ऑपरेशननंतर असं दिसेल," म्हणत डॉक्टरांनी शरयूताईंच्या कपाळाची कातडी बोटांनी हलकेच वर ओढून धरली. खाली ओघळलेल्या भुवयांमागचे डोळे आरशात पुन्हा मोठे दिसले, अगदी लग्नाच्या फोटोतल्यासारखे.

"पण बासष्टाव्या वर्षी हे कशाला हवंय तुम्हाला?"

"आमच्या ह्यांना विसरण्याचा आजार आहे. वर्षभरात मला एकदाही ओळखलं नाही. दिवसभर आमच्या लग्नाच्या फोटोतल्या मला शोधत असतात."

"घाई नको. विचार करून कळवा," एवढंच डॉक्टर म्हणाले.

घरी दिगंबरराव खिडकीपाशी बसले होते. शरयूताईंनी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं आणि दोन्ही हातांनी भुवया वर धरल्या. "बघा बरं, मी कोण?"

ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. शरयूताईंनी भुवया सोडल्या नाहीत.

"सासूबाई, तुम्ही?" ते अदबीनं उठून उभे राहिले. "बरं झालं आलात. शरयूला माहेरी जाऊन किती दिवस झाले. तिला आता पाठवून द्या."

"पाठवते," शरयूताई म्हणाल्या. त्यांनी हात खाली घेतले. आत जाऊन डॉक्टरांना फोन केला आणि ऑपरेशन करायचं नाही म्हणून सांगितलं. त्या बाहेर आल्या तेव्हा दिगंबरराव दार उघडून रस्त्याकडे बघत उभे होते.