आर्डिसचं भांडं

आयोवातून नेब्रास्कापर्यंत मी एकटीने गाडी हाणली. दोन्ही बाजूंना मक्याची कापणी चालू होती. समोरून येणारा प्रत्येक शेतकरी स्टिअरिंगवरून एक बोट उचलून ओळख देत होता; मी एकालाही उत्तर दिलं नाही. शेजारच्या सीटवर आर्डिसचं काचेचं भांडं होतं, तळाला तिच्या नावाची चिकटपट्टी. माझा नवरा व्हर्नन गेला, तेव्हा माझ्या या सख्ख्या बहिणीने त्यातून भाजलेले बटाटे धाडले, स्वतः फिरकली नाही. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी मुद्दाम रिकामं नेलं. दारातच तिने भांड्यात डोकावलं. "यात काहीच नाही?" "तुझ्या मायेएवढंच आहे." "अगं, व्हर्ननला त्याच्या दारूवरून मी एकदा बोलले, तेव्हा त्यानेच बजावलं, ‘माझ्या मयतालाही यायचं नाही.’" चाळीस वर्षं मी त्याला गरम वाढलं. मी भांडं उचललं. "कुठे नेतेस?" "त्याच्या थडग्यावर. रिकामंच."