उमेदवारांना एकच प्रश्न

"शस्त्रविक्रीवर आंतरराष्ट्रीय कायद्याचं बंधन असावं का?" हा एकच प्रश्न कागदावर लिहून निवृत्त शिक्षिका यमुनाताई मेश्राम तिसऱ्या निवडणुकीतही उमेदवारांच्या दारात जात होत्या. शांतिसेनेतला त्यांचा मुलगा आफ्रिकेत बंडखोरांच्या गोळीने गेला होता. त्या बंदुका कोणी विकल्या, हे कळलंच नाही.

"विचार करू, ताई," म्हणत सगळे हात जोडायचे.

बोरकुटे हे गावातल्या दारूगोळा कारखान्यातले जुने कामगार. यंदा पहिल्यांदा उभे होते. त्यांनी प्रश्न दोनदा वाचला.

"नसावं, ताई. ऑर्डरी कमी झाल्या, तर निम्म्या गावाचं काम जाईल. तुमच्या मुलाला खांदा दिलाय मी. तुमच्याशी खोटं बोलवत नाही."

यमुनाताईंनी कागदावर 'नसावं' लिहिलं आणि त्या खुर्चीत टेकल्या.

"रागावलात?"

"दमलेय. पण आज निदान कोणाशी तरी भांडता येईल. बसा."