पहिल्या ओटीचा मान

नणंदेच्या डोहाळजेवणाला गेली तर पहिली ओटी भरायचा मान हेमांगीचा. न गेली तर तो आयताच धाकट्या जावेला. पोरीच्या दंडावर तीन पाणीदार फोड दिसले, तेव्हा तिने हा हिशोब केला आणि पोरीला लांब बाह्यांचा फ्रॉक चढवला.

"मानेवर हा फोड कसला गं?" सासूने विचारलंच.

"डास हो. जाळी लावा म्हणून तुमच्या लेकाला सांगून थकले."

सगळ्या हसल्या. ओटी झोकात भरली. नणंदेने, रेवतीने, भाचीला मांडीवर घेऊन बर्फी भरवली.

पंधराव्या दिवशी रेवतीला कांजिण्या आल्या आणि ऐन आठव्या महिन्यात आजार फुप्फुसांत उतरला. लहानपणी कांजिण्या येऊन गेलेली म्हणून दवाखान्यात तिच्याजवळ बसायला हेमांगीलाच धाडलं.

रेवतीने ऑक्सिजनचा मास्क सरकवला. "वहिनी, त्या दिवशी पोरीला मांडीवर घेतलं होतं मी. माझ्यापासून तिला लागण झाली असेल तर माफ करा मला."

"नाही गं," म्हणत हेमांगीने तिचा मास्क पुन्हा नीट बसवला.

आजार हिने नेला, सोसला रेवतीने, आणि वर माफीही रेवतीनेच मागितली.