एकवीसशे वीस किलोचा बाण

कापलेला लोखंडी अँगल अलफियाच्या पायाशीच पडला होता. टोकं अजून गरम होती. तिने जेवणाचा डबा फरशीवर आपटला, मान वर केली आणि तिच्या टाळक्यात जाळच झाला.

"अब्बा, हा कुणी काढला?"

इद्रिसने ग्राइंडर बंद केला, चष्मा कपाळावर चढवला. "मीच काढला. शेठना एसीचा डक्ट तिथून न्यायचाय. डबा हितं दे."

डबा कसला देतेय! बारा मीटर लांबीची ती लोखंडी कैची, म्हणजे छत पेलणारा सांगाडा, अब्बांनी चौक गावच्या वर्कशॉपमध्ये स्वतःच्या हाताने जोडलेली. वर एक आडवा, खाली एक आडवा, मध्ये उभे आणि तिरपे अँगल, दोन उभ्यांमध्ये एक घर. खांबापासून दुसऱ्या घरातला तिरपा आता तिथे नव्हता. तोंडातला दात पडावा तशी खिंड. आणि बरोबर त्या खिंडीखाली कुंभिवलीच्या या नव्या हॉलचं स्टेज. रविवारी पहिलं लग्न. तिची मैत्रीण सुप्रिया, तिच्या ताईचंच.

"परत जोडा," अलफिया म्हणाली. "आत्ता."

हॉलचा मालक जितेशशेठ खुर्चीत बसून फोनवर फुलांचे फोटो बघत होता. तो हसला. "इद्रिसभाई, पोरगी इंजिनियर झाली वाटतं."

"डिप्लोमा. दुसरं वर्ष," अलफियाच म्हणाली.

"मग तुला कळायला पायजे गं. वजन मधे असतं. कैची वाकली तर मधेच वाकणार ना? म्हणून मी मधल्याला काय हात लावू दिला नाय. कडेचा काढला. कडेला काय काम असतंय त्याला?"

अलफियाने अब्बांकडे बघितलं. पंचवीस वर्षं कैच्या बनवणारा माणूस फरशीकडे बघत होता.

"काय होत नाय गं," इद्रिस पुटपुटला. "जोड वेल्डिंगचे हायेत. तगलंय ना."

"तगलंय कारण वर अजून नुसते पत्रे हायेत! छताला फॉल्स सीलिंग टांगायचंय, झुंबर टांगायचंय."

"पुस्तकात वाचून पोळी फुगत नाय, पोरी," शेठ म्हणाला.

बस्स. अलफियाने अब्बांच्या खिशातला लोखंडावर खुणा करायचा पांढरा खडू ओढला, तरातरा जाऊन स्टेजवर त्या खिंडीच्या बरोबर खाली उकिडवी बसली आणि चकचकीत फरशीवर अख्खी कैची काढली. रेघा सरळ आल्या. मग दुसऱ्या घरातून उभी रेघ मारली, सर्रकन.

"हितं कापायची. तुमच्यासारखी खरी नाय, कागदावर. पलीकडचं सगळं फेकून द्यायचं. आता उरलेला तुकडा पडू नये म्हणून कापलेल्या प्रत्येक अँगलच्या जागी कुणीतरी हात लावायचा. किती जोराने लावायचा, ते काढायचं. एवढंच असतं शेठ, पुस्तकात."

वर वायरी ओढणारा कामगार पोपट शिडीवरून उतरून बघायला आला.

"सीलिंग टांगल्यावर दर जोडावर सहाशे किलो, असे सात जोड. त्यातलं अर्धं या खांबावर, म्हणून तो खालून रेटतो एकवीसशेने. त्यातले सहाशे पहिल्या जोडावर गेले. पंधराशे उरले. ते कोण धरणार? आडवे अँगल आडवंच ओढतात, त्यांना वर-खाली धरताच येत नाय. धरणारा एकच. हा." तिने खिंडीच्या जागी जाडजूड बाण काढला. "आणि हा पंचेचाळीस अंशात तिरपा, म्हणून याला पंधराशेवर सुटका नाय. एकवीसशे वीस. मधल्या तिरप्याला बघा, सव्वाचारशेच्या आत! मधला कापला असता तरी एवढी वाट लागली नसती. तुमी शोधून शोधून राबणारा कापलात!"

तिने बाणाशेजारी मोठ्ठे आकडे गिरवले. २१२० किलो. खडूचा तुकडा मोडला.

"अलफे!" इद्रिस एकदम ओरडला. "ऊठ तिथनं! आधी बाजूला हो!"

हॉलमध्ये ते घुमलं. अलफिया उठली नाही. तिने नुसती मान वळवली.

"का, अब्बा? काय होत नाय ना?"

इद्रिस वाकला, कापलेला अँगल उचलला. टोक गरम होतं, हात पोळला असणार, पण त्याने सोडला नाही. दुसऱ्या हाताने लेकीचं मनगट धरून तिला बाहेर ओढलं.

"पोपट," तो म्हणाला, "गाडीतनं दोन टेकू आण."

"टेकूबिकू नंतर," शेठ खुर्चीतून उठला. कान लाल झाले होते. "संध्याकाळी नवरीकडची माणसं हॉल बघायला येतायत. हे चित्र आधी पुस. पोपट, पोछा मार."

पोपटने वर बघितलं. फरशीकडे बघितलं. मग कोपऱ्यातला पोछा आणून, अगदी अदबीने, शेठच्याच हातात दिला.

"तुमीच मारा शेठ. कडेला काय काम नसतंय म्हणालात ना."

शेठने पोछा घेतला. दोन पावलं पुढे गेला. तिसरं उचललंच नाही. तिथूनच त्याने दांडा टोकाला धरून हात लांब केला, कंबरेत वाकला, आणखी वाकला.

ओला पोछा बाणाच्या हातभर अलीकडेच फिरत राहिला.